तीनशे बिळांची मोजणी

फार पूर्वी एका गवताळ माळावर प्रेअरी डॉग राहत. नाव कुत्र्याचं, कूळ खारीचं. राखण म्हाताऱ्या भुरकीकडे होती. परका दिसला की ती शीळ घाले आणि सगळे बिळात शिरत.

एकदा बगळा वही घेऊन मोजणीला आला. भुरकीने नेमाप्रमाणे शीळ घातली. माळ ओस पडला. बगळ्याने मग बिळंच मोजली.

"तीनशे बिळं, म्हणजे तीनशे कुटुंबं. तुमची जात संकटातून बाहेर आली. उद्यापासून शिकारबंदी उठली."

"साहेब, आमच्यात एकेका घराला दहा दारं असतात," भुरकी बिळातून म्हणाली.

"वहीत दारांचा रकाना नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी कोल्हे आले. त्यांच्याजवळ वही नव्हती, तरी त्यांची मोजणी अचूक निघाली. कुटुंबं तीसच होती.