रांजणात कोंडलेले वर्ष

एका राज्यात वर्ष संपायचे थांबले. सूर्य उगवे, सूर्य मावळे, पण सकाळी उठावे तो पुन्हा वर्षाचा तोच शेवटचा दिवस.

झाले होते असे. डोंगरांपलीकडच्या त्या देशात वाढदिवस वेगळा कुणाचा नसे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळी प्रजा एकदमच एका वर्षाने मोठी होई, राजासुद्धा. आणि राजाला म्हातारपणाची भारी भीती. आरशात पहिला पांढरा केस दिसताच त्याने हाइशेंग नावाच्या जादूगाराला बोलावले. हाइशेंगने येऊ घातलेले वर्ष वेशीवरच पकडले, निळ्या नक्षीच्या रांजणात कोंबले, आणि रांजण सिंहासनाशेजारी मांडला. मग दवंडी पिटली गेली की कुणी घर सजवू नये, कुणी लाल रंग वापरू नये, नवे वर्ष येणार नाही. लोकांनी माना खाली घातल्या. माना खाली घालण्यात त्या प्रजेचा हात कुणी धरला नसता.

नदीकाठी ल्यूयिन नावाची एक सून राहत असे. तिचा नवरा ताओवेन परदेशी मीठ विकायला गेला होता. त्या देशाची रीत अशी की माणूस कितीही लांब असो, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरच्या जेवणाला परततो. ताओवेनही निघाला होता. सकाळी तो समोरच्या डोंगरावर दिसे, संध्याकाळी पैलतीरावर पोचे, होडीत पाय ठेवी, आणि दिवस फिरून सुरू होई. सकाळी तो पुन्हा डोंगरावर. चालणे मात्र त्याच्या अंगात साठत होते. तो रोडावत चालला होता, हे ल्यूयिनला ऐलतीरावरूनही दिसे.

एका संध्याकाळी तो होडीपाशी कोसळला आणि बराच वेळ उठला नाही. ल्यूयिनला रडू आले, आणि त्याहून जास्त संताप आला.

तिच्याजवळच्या झाडावर एक काळापांढरा पक्षी बसला होता. त्या देशात त्याला शुभवार्तेचा पक्षी म्हणतात. सांगायला वार्ताच नसल्यामुळे तो चिडचिडा झाला होता.

"बाई, हा माणूस आता फार दिवस चालणार नाही," पक्षी म्हणाला.

"मग वर्ष आणायला हवं. ते कुठे आहे?"

"राजवाड्यात. पण वाड्याचं दार स्वर्गाच्या हुकमाशिवाय उघडत नाही. दाराआड नियान नावाचं जनावर आहे, ते माणसं खातं. त्याच्यापुढे रांजण आहे, त्याला शाप आहे. आणि दवंडी ऐकलीस ना?"

"ऐकली. मला मान्य नाही."

स्वर्गाला खबर देणारा देव तिथे घरोघरी चुलीवर असतो, कागदावर रंगवलेला. वर्षअखेरीस कागद जाळला की तो धुराबरोबर वर जातो आणि घरातले बरेवाईट सांगतो. गोड बोलावा म्हणून बायका त्याच्या ओठांना मध लावतात. यंदा राजानेच घरोघरी काकवी धाडली होती, आणि ती इतकी चिकट की देवांची तोंडेच उघडेनात. ल्यूयिनने आंबट शिरका तापवला, त्यात आले किसले आणि देवाचे ओठ खसाखसा पुसले.

"झोंबतंय," देव म्हणाला.

"झोंबू दे. वर जाऊन खरं सांगा."

"तू सासूशी भांडतेस, तेही सांगू?"

"सांगा. काही लपवू नका."

तिने कागद चुलीत घातला. देव वर गेला, आणि तिकडे राजवाड्याच्या दाराचा अडसर आपोआप गळून पडला.

मग तिने पेटीतून लग्नातले लाल वस्त्र काढले आणि ते नेसून भर बाजारातून निघाली. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, पण फटींतून सगळेच बघत होते. तिच्या एका हातात निखाऱ्यांचे मडके होते, काखेत हिरव्या बांबूची मोळी. दाराआड नियानने जबडा उघडला. ल्यूयिनने बांबू निखाऱ्यांत खुपसले. पेरे फटाफट फुटू लागली, कानठळ्या बसल्या, आणि त्या धुरातून लाल वस्त्र पुढे आले. नियानला लाल रंग आणि आवाज दोन्ही सोसत नाही. ते शेपूट घालून पळाले आणि राजाच्या पलंगाखाली जाऊन बसले.

ल्यूयिन सिंहासनासमोर उभी राहिली.

"काय हवं तुला?" राजाने विचारले.

"नवं वर्ष, महाराज."

"म्हणजे माझं म्हातारपण."

"माझंही त्यातच आहे. मी भीत नाही."

हाइशेंग हसला. "झाकण निघत नाही. फोडावा लागेल. पण शाप ऐक: जो हा रांजण फोडील, त्याच्या घराला स्वे लागो."

त्या देशाच्या भाषेत स्वे म्हणजे फूट. वर्षाच्या उंबरठ्यावर काही फुटणे तिथे इतके अशुभ, की त्या दिवशी थोर माणसेही पेला दोन हातांनी धरतात. राजाचा सगळा भरवसा त्यावरच होता. घर फुटले तर ताओवेन कुठे परतणार? त्या क्षणी ल्यूयिन खरोखर घाबरली.

पण सणाच्या दिवशी मुलाच्या हातून ताटली फुटते, तेव्हा घरातली म्हातारी माणसे काय म्हणतात? रागावत नाहीत. घाईघाईने म्हणतात, "स्वे स्वे पिंगआन." कारण स्वे म्हणजे वर्षसुद्धा. उच्चार एकच. वर्षानुवर्षे सुखशांती, असे म्हणून शब्द फिरवून घ्यायचा. हाइशेंगला हे कुठून ठाऊक असणार? तो लहानपणापासून गुहेत मंत्र घोकत बसलेला. कुणाच्या घरात त्याने ताटली फोडलीच नव्हती.

"शाप पुन्हा म्हणा," ल्यूयिन म्हणाली.

"तुझ्या घराला स्वे लागो."

"लागो. माझ्या घराला नवं वर्ष लागो."

तिने रांजण डोक्यावर उचलला आणि फरशीवर आपटला. "स्वे स्वे पिंगआन," ती म्हणाली.

वर्ष बाहेर पडले. दरबारात संत्र्याच्या सालीचा वास सुटला, दारांतून गार वारा गेला. सगळे एका वर्षाने मोठे झाले. राजाची दाढी पिकली, गुडघा किंचित कुरकुरला, आणि बाकी काही झाले नाही. एवढ्यासाठी त्याने सगळे राज्य वेठीस धरले होते. हाइशेंगचे मंत्र गेल्या वर्षाचे, ते आता चालेनात. तो मागच्या दाराने निघून गेला.

पक्षी खिडकीत येऊन बसला. "ताओवेनची होडी सुटली," तो म्हणाला. ल्यूयिन माघारी वळली.

"थांब," राजा म्हणाला. "आधी या खापऱ्या झाडून काढ."

"वर्षाच्या पहिल्या दिवशी कुणी झाडू हातात घेत नाही, महाराज. घरातलं भाग्य बाहेर जातं."

"हा हुकूम आहे."

ल्यूयिन दाराबाहेर पडलीसुद्धा. राजाने चाकरांकडे पाहिले. चाकरांनी हात पाठीमागे बांधले आणि जागचे हलले नाहीत.

घरी पोचते तो ताओवेन दारात उभा होता, अनवाणी, काठीला टेकून.

"उशीर झाला का?" त्याने विचारले.

"नाही. वर्ष आत्ताच आलंय," ती म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडू लागली.

सासू लगबगीने बाहेर आली. "अगं, आजच्या दिवशी रडू नये. वर्षभर रडावं लागतं."

"आज मी रडणार आहे," ल्यूयिन म्हणाली.

सासूने लेकाच्या पायांकडे पाहिले, आणि मग तीही रडू लागली.