भिवबाचा एक सूर

फार फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि लग्नाचे मुहूर्तसुद्धा वाजंत्र्यांना विचारून धरले जात, तेव्हा लखबा आणि भिवबा किनाऱ्याने गावोगाव वाजवत हिंडत. लखबा काठीसारखा, भिवबा रांजणासारखा. लखबा सनई आळवी. भिवबा मागे बसून, गाल फुगवून, साथीच्या सनईवर एकच सूर धरून ठेवी. जन्मभर एकच! माडाखाली मडकं दिसलं की दोघांची पावलं आपोआप थबकत. असं म्हणतात, किनाऱ्याची देवी जाखमाता त्यांच्यावर कधी रागावली नाही, कारण माडीची पहिली धार ते तिच्या नावाने सोडत. उरलेलं मडकं मात्र स्वतःच्या नावाने.

लखबा चिडवी, "तुझ्यापरीस म्हैस बरी रे, दोन सूर तरी काढते!"

भिवबा हसे. पण पंगतीत यजमानीण आधी लखबाला वाढी, तेव्हा त्याचा घास जरा अडेच.

एका माघात ते वेळशेत गावी आले. सकाळी असं धुकं उतरलं की दारची तुळस दिसेना. गावच्या होड्या समुद्रात, आणि बंदराच्या तोंडाशी खडक. चांगुणा नावाची नवी सून धावत आली. तिचा घरधनी होडीवर होता.

"दादा, वाजवा हो काहीतरी! आवाजावर येतील माणसं."

लखबाने कड्यावरून जीव ओतून वाजवलं. पण तान चढली की आवाज डोंगराकडून येई, उतरली की खाडीकडून. धुक्यातून नाखवा ओरडला, "अरे, एका जागी उभे राहा की! नाचताय कशाला?" वल्ही खडकांकडे वळली.

तेव्हा भिवबाने लखबाच्या सनईवर हात ठेवला. "तू गप्प बस. आज मी एकटा."

त्याने देवीला हात जोडले आणि सूर धरला. ना वर, ना खाली. नाकाने श्वास घेई, तोंडाने सोडी. चांगुणाने माडीचं मडकं पुढे केलं, तर त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं. असं म्हणतात, केसांत भांग पडावा तशी धुक्यात वाट पडली, आणि त्या वाटेने होड्या एकामागून एक आल्या. चांगुणाचा घरधनी वाळूत उतरला, शेवटची होडी टेकली, तेव्हाच भिवबाने सूर सोडला.

"आता आण ते मडकं."

लखबा रिकाम्या मडक्यात बघून म्हणाला, "भीतीने घसा सुकला होता रे माझा."

रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. त्या दिवशी पहिलं पान भिवबाला वाढलं, आणि वाढलं लखबाने.

वेळशेतात अजूनही नारळी पौर्णिमेला होड्या सोडण्याआधी गाणारे सगळे गप्प बसतात. ज्याला गाणं मुळीच येत नाही, त्याने भिवबाच्या नावाने सूर धरायचा. मग सारं गाव त्यात आपला सूर मिळवतं. मागल्या वर्षी तो मान गिरणीवाल्याला मिळाला. आवाज अगदी फाटका. पण हलला नाही.