कुंकू लावलेली रायफल

घाटमाथ्यावर जंगलाला चिकटून असलेल्या केगदवाडीत रवळू नावाचा एक माजी सैनिक राहत होता. बारा वर्षं पलटणीत काढून तो गावी परतला होता. सबंध गावात बंदुकीचा परवाना होता तो त्याच्या एकट्याकडेच.

त्या वर्षी पाऊस सरला आणि गावाच्या शिवारात एक एकांडा रानडुक्कर शिरला. कळप सोडून एकटाच फिरणारा, वितीएवढ्या सुळ्यांचा. आधी त्याने नाचणी उकरली. मग खळ्यावर एका बाईची मांडी फाडली. ती चौथ्या दिवशी गेली. पुढच्या आठवड्यात भर दुपारी पाणवठ्यावर एक म्हातारा मेला. भात कापणीला आलं होतं, पण बांधावर पाय ठेवायला कुणी तयार होईना. बायका पाण्याला दहा-दहाच्या घोळक्याने जात आणि वाटेत एकही बोलत नसे.

वनखात्याने डुकराला मारायची परवानगी दिली. मारायचं रवळूने, हे न बोलताच ठरलं. पण त्याच्याकडे होती ठासणीची एकनळी बंदूक. तिने ससा मरतो, एकांडा नाही. चांगली रायफल हवी होती.

शेजारच्या गावचे इनामदार आपल्या आजोबांची बोल्टची रायफल विकायला तयार आहेत, असं कळलं. ती बघायला रवळूबरोबर दादबा गावकर निघाले. गावकर म्हणजे गावचे पहिले मानकरी. वय पंचाहत्तर. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्यापुढे गावात कुणी मान वर करत नसे.

इनामदारांनी रायफल लाल कापडावर मांडून ठेवली होती. तिला झेंडूचा हार होता. दस्त्यावर कुंकवाचे इतके थर चढले होते की खालचं लाकूड दिसत नव्हतं.

"चाळीस वर्षं दर खंडेनवमीला हिची पूजा होते," इनामदार म्हणाले. "एक वर्ष चुकलेलं नाही."

"आणि चालवली कधी?" रवळूने विचारलं.

इनामदार हसले. "देवाला कुणी चालवतं का?"

गावकरांनी रायफलीला हात जोडले. त्यांची परीक्षा तेवढ्यात संपली. थोरांना वस्तू उघडून बघावी लागत नाही. ते नुसतं बघून ओळखतात, असं त्यांना वाटतं आणि इतरांनाही तसं वाटून घ्यावं लागतं.

रवळूने रायफल उचलली. काडतूस आत सारणारा लोखंडी बोल्ट मागे ओढला. तो अर्ध्यावर अडला. पुढे ढकलून बोल्टची दांडी खाली पाडली, तर ती नको तितकी सैल लागली. बोल्ट बाहेर काढायला त्याने बोट घातलं, इतक्यात गावकरांचा आवाज आला.

"काय रे, पूजेतलं शस्त्र उचकटून बघतोस? दुसऱ्याच्या घरात बसून त्याच्या देवाची झडती घेतोस?"

रवळूचा हात थांबला.

"नाही, आबा," तो म्हणाला आणि त्याने रायफल खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे रवळूने सलामीचा बार काढायचा, की व्यवहार पक्का, असं ठरलं. रायफल इनामदारच घेऊन येणार होते.

दुपारी रवळू घरी आला तो जेवेना. भाकरी तशीच ताटात राहिली. त्याची बायको शेवंता समोर बसली.

"काय झालं ते सांगा. ताट मी उचलणार नाही."

मग त्याने सांगितलं. बोल्टच्या पुढच्या टोकाला लोखंडाचे दोन कान असतात. बोल्ट बंद केला की ते खाचेत अडकतात आणि काडतुसाचा सगळा धक्का पेलतात. त्यातला एखादा झिजला किंवा तुटला, तर बोल्ट मागे सुटतो.

"मागे म्हणजे कुठे?" शेवंताने विचारलं.

रवळूने उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

शेवंताच्या हातातला तांब्या कलंडला. "आणि हे तुम्ही तिथं बोलला नाहीत?"

"आबांसमोर?"

"पलटणीत गोळीला भ्याला नाहीत, आणि आबांना भिता?"

"गोळी मला ओळखत नव्हती," रवळू म्हणाला. "आबा मला ओळखतात."

शेवंता त्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिली. त्याच्या कडेला एक बारीक तीळ होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी तो तिने असा कधी बघितला नव्हता. उद्या या वेळेपर्यंत ते तोंड असेल की नाही, हा विचार एकदा मनात आला आणि मग जाईना.

सकाळी सगळं गाव देवळापुढे जमलं. पाणवठ्याच्या चिखलात डुकराचे ताजे माग निघाले होते, त्यामुळे प्रत्येकाला घाई होती. इनामदारांनी हार घातलेली रायफल पुढे केली. गावकर म्हणाले, "घे रवळू. काढ बार."

रवळूचे हात पुढे झाले.

"थांबा," बायकांच्या बाजूने आवाज आला. शेवंता डोक्यावरचा पदर नीट करत पुढे आली. "पालखीला पहिला खांदा आबांचा. होळीत पहिला नारळ आबांचा. मग देवापुढचा पहिला बार आमच्या घरातल्या माणसाने कसा काढायचा? आम्ही काय मानकरी आहोत?"

लोक कुजबुजले. खरंच की! मान तो मान. दोघा म्हाताऱ्यांनी तर माना डोलावल्या.

नको म्हणण्याची सोयच नव्हती. मान नाकारायचा कसा, हे गावकरांना जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी रायफल हातात घेतली. दस्ता खांद्याला लावला. गाल लाकडावर टेकवला. बोल्ट डोळ्यापासून चार बोटांवर होता. काल रवळूच्या हातात तो अडलेला त्यांना आठवला आणि बोट चापापर्यंत गेलंच नाही.

त्यांनी रायफल हळूच खाली घेतली आणि रवळूच्या कानाशी आले.

"आतून बघितलीस ना रे?"

"तुम्ही बघू दिली नाहीत, आबा."

"मग आता बघ की! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

रवळूने हार काढला. दोन्ही हातांनी जोर लावून बोल्ट बाहेर ओढला. तेल आणि कुंकू मिळून आत डिंकासारखा थर झाला होता. त्याने धोतराच्या कापडाने टोक पुसलं. एक कान जागेवर होता. दुसऱ्याच्या जागी नुसती खरबरीत खूण होती. दोऱ्याला पांढरी चिंधी बांधून त्याने नळीतून ओढली. चिंधी गंजाने लाल होऊन बाहेर आली. तिला दोन काळ्या पडलेल्या अक्षता चिकटल्या होत्या.

"ही हातात धरून उडवता येणार नाही," रवळू म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

इनामदार लालबुंद झाले. "माझ्या घराण्याचा अपमान करतोस? काही होत नाही तिला!"

"मग बार तुम्ही काढा, साहेब," शेवंता म्हणाली.

इनामदार डोंगराकडे बघू लागले.

खरंखोटं सगळ्यांना दिसावं म्हणून रवळूने देवळामागची उतरण मोकळी करून घेतली. रायफल दोन शिळांमध्ये दोरखंडाने आवळली, नळी डोंगराच्या कुशीत धरली, बोल्ट परत बसवून इनामदारांनी आणलेलं काडतूस भरलं. जिथे नेम धरणाऱ्याचा डोळा येतो, तिथे पूजेचा नारळ दगडांच्या बेचक्यात बसवला. चापाला लांब सुंभ बांधला. माणसं देवळाच्या भिंतीमागे गेली. आयांनी पोरांचे कान दाबले.

सुंभ ओढला गेला.

बाराच्या पाठोपाठ आणखी एक आवाज झाला, लाकूड फुटल्यासारखा. मग धूर. बराच वेळ कुणी भिंतीबाहेर आलं नाही. रवळू आधी गेला. बोल्ट जागेवर नव्हता. नारळही नव्हता. शिळेवरून त्याचं पाणी ओघळत होतं आणि करवंटीचा एक तुकडा पार देवळाच्या पायरीपर्यंत उडाला होता.

इनामदारांनी फुटकी रायफल गोळा केली आणि कुणाचा निरोप न घेता ते चालू लागले. डुकरासाठी आता दुसरी रायफल शोधायची होती.

गावकर पायरीवर बसले होते. त्यांचा हात पुन्हा पुन्हा स्वतःच्या गालाकडे जात होता.

"रवळू, काल तुला हे ठाऊक होतं?"

"संशय होता, आबा."

"मग मला बोलला का नाहीस?"

"भ्यालो."

"डुकराला?"

गावकरांनी लोकांकडे बघितलं. ज्याच्याकडे ते बघत, तो नजर पाडत होता. एकटी शेवंता सरळ त्यांच्याकडे बघत उभी होती, आणि त्यांना प्रथमच कळलं, की आजवर ज्याला ते मान समजत होते, ती सगळी भीतीच होती.

तात्पर्य: ज्या वस्तूवर कुणाचा जीव टेकणार आहे, ती उघडून पारखल्याशिवाय घेऊ नये, आणि जो थोरपणाच्या जोरावर ती उघडू देत नाही, त्याची भीड धरू नये, कारण भीड त्याची असते आणि जीव आपला जातो.