भुरी, पिटुक आणि पांढरा कांदा

इवलंसं होतं एक पिल्लू. पिवळंधमक, मूठभर. नाव त्याचं पिटुक.

द्वारकाआत्यानं त्याला बाजारातून आणलं. शेवटचं उरलेलं, एकटंच. बुटाच्या खोक्यात ठेवलं, वर बल्ब लावला. बल्ब पिवळा, पिटुक पिवळं. दोघांचं छान जमलं.

एक दिवस वीज गेली. टप्. बल्ब विझला. ऊब गेली. पिटुक कुडकुडलं. कुडकुड, कुडकुड.

मारली उडी खोक्याबाहेर आणि निघालं ऊब शोधायला. तुरुतुरु तुरुतुरु.

परसात दोन कोंबड्या दाणे टिपत होत्या. नवं कोण आलं म्हणून त्यांनी पिटुकला टोचलं. टोच, टोच. नव्याला असंच करतात त्या. भारीच तोऱ्याच्या.

कोपऱ्यात टोपली होती. टोपलीत भुरी कोंबडी होती. भुरी बसली होती खुडूक. खुडूक म्हणजे काय? अंडी उबवायला बसली, की उठायचं नाव नाही. खायला नको, प्यायला नको, कुणी जवळ यायला नको.

पण गंमत सांगू? भुरीच्या पोटाखाली अंडं नव्हतंच. होता आत्याचा पांढरा कांदा. गोल गोल, गुळगुळीत. भुरीला वाटलं, अंडंच. तिला सांगणार कोण?

पिटुक म्हणालं, "भुरीमावशी, मला पंखाखाली घे. मला थंडी वाजते, चीव चीव."

भुरी म्हणाली, "कुर्रर्र. बसून बसून अंगाला सुटली खाज. आधी राखेत लोळेन, मग तुला घेईन."

पिटुक गेलं चुलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई, राख दे.
भुरी मला घेईना,
मला थंडी वाजते, चीव चीव."

चूल म्हणाली, "माझं पोट रिकामं. आधी वाळकी झावळी खाईन, मग राख देईन."

पिटुक गेलं माडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. माड केवढा उंच. पिटुकनं मान वर केली आणि धप्पकन बसलंच.

"माडदादा, माडदादा, झावळी दे.
चूल राख देईना,
भुरी मला घेईना,
मला थंडी वाजते, चीव चीव."

माड म्हणाला, "माझी मुळं तहानली. आधी पाणी पिईन, मग झावळी देईन."

पिटुक गेलं पाटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पाट म्हणजे पाण्याची वाट. विहिरीकडून येते, झाडाझाडाला जाते.

"पाटदादा, पाटदादा, पाणी दे.
माड झावळी देईना,
चूल राख देईना,
भुरी मला घेईना,
मला थंडी वाजते, चीव चीव."

पाट म्हणाला, "बुडबुड. माझ्या तोंडात अडकली पानं. आधी आत्या पानं काढेल, मग पाणी देईन."

पिटुक गेलं आत्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आत्या ओट्यावर बसली होती. पांढऱ्या कांद्यांची वेणी घालत होती. एक कांदा कमी कसा पडला, तेच तिला कळेना.

"आत्या, आत्या, पानं काढ.
पाट पाणी देईना,
माड झावळी देईना,
चूल राख देईना,
भुरी मला घेईना,
मला थंडी वाजते, चीव चीव."

आत्या म्हणाली, "आरं बाला, उतरू कशी? पायरीवर मुंग्याच मुंग्या. आधी मुंग्या हटतील, मग मी उतरेन."

पिटुक गेलं मुंग्यांकडे. तुरुतुरु... पायरी जवळच होती.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, हटा.
आत्या पानं काढेना,
पाट पाणी देईना,
माड झावळी देईना,
चूल राख देईना,
भुरी मला घेईना,
मला थंडी वाजते, चीव चीव."

मुंग्या म्हणाल्या, "नाही हटणार." आणि चालत राहिल्या. एकामागे एक, एकामागे एक.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. पिटुकला फार फार रडू आलं. मान खाली घालून ते रडत बसलं.

तेवढ्यात एक मुंगी आली. पिटुकच्या चोचीवरच चढली. पिटुकनं काय केलं?

टुच्. गट्टम.

अरेच्चा, छान लागली की. टुच्, गट्टम. टुच्, गट्टम. बाकीच्या मुंग्यांनी बघितलं आणि धूम ठोकली. सुर्रकन पायरी मोकळी.

मग काय?

मुंग्या हटल्या, आत्या उतरली. थप थप थप.
आत्यानं पानं काढली, पाट वाहिला. खळखळ खळखळ.
पाटानं पाणी दिलं, माड प्यायला. घुटुक घुटुक.
माडानं झावळी दिली. सळसळ, धप्प.
चुलीनं झावळी खाल्ली. धडधड, तडतड. राख झाली. आत्यानं ती परसात पसरली. फू फू करून निववली.

आणि भुरी टोपलीतून उठली. किती दिवसांनी उठली. राखेत लोळली, फडफड फडफड. खाज पळाली, राग पळाला.

तोवर दिवेलागण झाली. आत्यानं टोपलीत डोकावून बघितलं, तर तिचा हरवलेला कांदा. भुरीनं इतके दिवस ऊब दिली ना, कांद्याला हिरवा कोंब फुटला होता. आत्या पोट धरधरून हसली.

आत्यानं हळूच कांदा उचलला. हळूच पिटुकला तिथं ठेवलं. नव्या पिल्लाला कोंबडी दिवसा आपलं म्हणत नाही. काळोख पडू लागला, की म्हणते. आत्याला ते ठाऊक होतं.

भुरी आली. पंख पसरून टोपलीत बसली. पोटाखाली काहीतरी हललं. मऊ मऊ.

"चीव."

भुरी दचकली. मग तिनं चोचीनं हळूच चाचपलं. टोचलं नाही हं, नुसतं चाचपलं. आणि म्हणाली, "फुटलं गं बाई माझं अंडं. आलं माझं बाळ."

पिटुकला खरं काय ते माहीत होतं. पण इतकी ऊब, इतकी ऊब. ते एवढंच म्हणालं, "आई, आता थंडी नाही वाजत."

तिकडे वीज आली. रिकाम्या खोक्यावर बल्ब लागला. कुणी बघितलंसुद्धा नाही.

सकाळी भुरी पिटुकला घेऊन परसात आली. कुक् कुक् कुक्. त्या दोन कोंबड्या पुढे आल्या, टोचायला. भुरीनं पिसं फुलवली. एवढ्ढी मोठी झाली. कोंबड्या दोन पावलं मागे सरल्या. मग एक पाऊल आणखी. मधे दाणे पडले होते. पिटुकनं एक टिपला. टुच्.

कांदा गेला वाफ्यात, पिटुक गेलं पंखात,
आणि आपली गोष्ट गेली पांघरुणात.