एका पणतीची गुहा

एका डोंगराच्या कुशीत एक पाडा होता आणि पाड्याच्या वर एक गुहा. पाहुण्याला गुहेत न्यायचा मान नवसूच्या घराकडे होता. रीत ठरलेली. हातात एकच पणती, तीही मोहाच्या तेलाची. दिवसाकाठी एकच फेरी, आणि आत गेल्यावर तोंडातून ब्र काढायचा नाही. छताला हजारो वटवाघळं लटकलेली असत. पणतीचा उजेड पडला की ती जराशी कान हलवत आणि पुन्हा झोपी जात.

पुढे घाटातून पक्का रस्ता आला आणि शहरातले लोक गाड्या भरभरून येऊ लागले. त्यांच्याकडे विजेऱ्या होत्या, पण त्यांना मशालच हवी. फोटोत मशाल झकास दिसते म्हणे! नवसूने एक मशाल पेटवली, मग चार, मग दहा. घरचं तेल मशालींत जाऊ लागलं. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत आणि त्याला ‘नवसूशेठ’ म्हणत. उभ्या जन्मात त्याला कुणी शेठ म्हटलं नव्हतं. गडी हरखून गेला. एका फेरीच्या पंधरा फेऱ्या झाल्या.

एकदा एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. “शी, काय हा वास! शेठ, या वटवाघळांचं काहीतरी करा बुवा.”

आता नवसू होता मधाची पोळी काढण्यात तरबेज. धूर दिला की माशा उठतात, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने गुहेच्या तोंडाशी ओला पाला पेटवला आणि धूर आत सोडला. त्याच्या बापाची बहीण, म्हातारी ठकीआत्या, काठी टेकत वर धावली.

“अरे मेल्या, त्यांचं राहतं घर आहे ते! आपण नुसते बघे.”

“आत्या, तू गप बस. माशा येतात की नाही परत? तशीच हीपण येतील.”

वटवाघळं बाहेर पडली, दिवसाउजेडी आंधळ्यागत फिरली आणि डोंगरापलीकडे निघून गेली. ती काही परत आली नाहीत. नवसूला त्याचं फार वाटलंही नाही, कारण वास गेला होता आणि पाहुणे खूश होते.

चैत्रात मोह फुलला. झाडांखाली फुलांचा सडा पडला, अगदी दरसालसारखा.

“काय गं आत्या, बुडालं का काही?” नवसूने तिला चिडवलं. “फळ धरू दे आधी,” आत्या म्हणाली.

पावसाच्या तोंडावर पाड्यातल्या बायका मोहाच्या बिया वेचायला गेल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. फुलं गळून गेली होती, फळ धरलंच नव्हतं. पाड्याचं वर्षाचं तेल त्या बियांचं. कालवणाला तेच, दिव्याला तेच. नवसूच्या बायकोने तेलाचा बुधला त्याच्यापुढे उपडा केला. थेंब पडला नाही.

“रात्री मोहाच्या फुलावर कोण उतरायचं, कधी पाहिलंस?” आत्या म्हणाली. “तीच उतरायची. रस प्यायची आणि एका झाडाच्या फुलांतली धूळ दुसऱ्या झाडाच्या फुलांना लावायची. म्हणून फळ धरायचं रे, पोरा.”

नवसूला रडू फुटलं. सगळा पाडा त्याच्या दाराशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची गाडी आली. “नवसूशेठ, पेटवा मशाल!”

“तेल नाही,” नवसू म्हणाला.

“बरं, विजेरीवर जाऊ. आम्हाला ती वटवाघळं तेवढी दाखवा. हजारो आहेत म्हणे! खास त्यांच्यासाठी आलोय आम्ही.”

नवसूने हातातली कोरडी मशाल जमिनीवर ठेवली. मान खाली घालून तो म्हणाला, “होती.”

तात्पर्य: पाहुण्यांच्या हौसेपायी घरच्यांना हुसकावून लावू नये, घर ओस पडतं आणि आपल्याही संसाराला झळ लागते.