लोण्यासारखा रस्ता

सभापती दौलतरावांची जुनी जीप शेवंताबाईंच्या गॅरेजात पुन्हा लंगडत आली. मागच्या एक्सलवरचे स्प्रिंगचे पाटे महिनाभरात दुसऱ्यांदा तुटले होते.

"बाई, तुमचं काम बोगस आहे," दौलतराव चारचौघांत कडाडले. "आता पाटे तुटले, तर गॅरेजला कुलूप ठोकीन."

"पाटे चांगले होते, साहेब. खिंडीच्या रस्त्याला खड्डे आहेत."

चहाच्या टपरीवरची माणसं खाली बघून हसली. तो रस्ता दौलतरावांनीच केला होता.

"माझ्या रस्त्याला खड्डे? लोण्यासारखा रस्ता आहे तो. भरलेला कप हातात धरून जावं, थेंब सांडायचा नाही."

शेवंताबाईंनी मान डोलावली. "मग चूक माझीच. संध्याकाळी या. आता काही तुटायचं नाही."

संध्याकाळी जीप ताठ उभी होती. दौलतरावांनी वाकून पाहिलं, तर पाट्यांच्या जागी बाभळीचे ठोकळे घट्ट आवळलेले.

"हे काय?"

"धक्के खायला पाटे लागतात, साहेब. लोण्यासारख्या रस्त्यावर त्यांचं काय काम?" शेवंताबाईंनी चहाचा काठोकाठ भरलेला कप त्यांच्या हातात दिला. "बसा, खिंडीपर्यंत जाऊन येऊ. गाडी मी चालवते."

सगळी टपरी उठून उभी राहिली. दौलतरावांनी कपाकडे पाहिलं, ठोकळ्यांकडे पाहिलं आणि नकळत हात कमरेवर ठेवला. मग चहा उभ्याउभ्याच संपवला.

"पाटे बसवा, बाई," ते हळूच म्हणाले. "खडी टाकून घेतो."

"आधी खडी," शेवंताबाई रिकामा कप घेत म्हणाल्या, "मग पाटे."