तिळू मुंगीचा हलवा

एवढीशी एक मुंगी होती. एवढीशी म्हणजे केवढी? तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळू.

तिळूची धाकटी बहीण घरी बसली होती. तिचा पाय मुरगळला होता. मुंगीला पाय असतात सहा. पण एक दुखला तरी दुखतोच ना!

बहीण म्हणाली, "तिळूताई, मला हलवा आण हं!"

तिळू म्हणाली, "आणते गं राणी. दिवा लागायच्या आत आणते."

कारण दिवा लागला की वारुळाचं दार बंद. मग आतले आत आणि बाहेरचे बाहेर.

त्या दिवशी कावेरीचं बोरन्हाण होतं. कावेरी दीड वर्षांची. अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार. आईने तिला पाटावर बसवलं. आत्याने तिच्या डोक्यावरून बोरं ओतली, टप टप टप! चुरमुरे ओतले, भुर भुर भुर! हलवा ओतला, टिक टिक टिक!

आई म्हणाली, "वेचा रे, वेचा! जो वेचेल त्याचं!"

सगळ्या मुलांनी वेचलं. तिळूनेही वेचलं. तिने वेचला हलव्याचा एकच दाणा. पांढरा, काटेरी, गोड गोड. तोंडात धरला आणि निघाली. तुरु तुरु तुरु!

तेवढ्यात कावेरीने तो पाहिला. "हव्वा!" म्हणाली. दोन बोटांनी दाणा उचलला, मुठीत दाबला, सतरंजीवर आडवी झाली आणि झोपलीसुद्धा! हार काढायचाही राहिला.

झाली का पंचाईत!

तिळू आली मागे. कावेरीच्या पायाच्या अंगठ्यावर चढली. अंगठ्यावरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून पोटावर. पोट आपलं वर-खाली, वर-खाली. आणि पोटावर होती मूठ. घट्ट मिटलेली.

तिळू म्हणाली,
"मूठताई, मूठताई, उघड ना!
हलवा सुटेना,
बहीण वाट बघते घरी!"

मूठ म्हणाली, "मी नाही उघडत. कोपर हलू दे, मग उघडेन."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु! हातावरून गेली कोपराकडे. कोपर होतं टोकदार.

"कोपरदादा, कोपरदादा, हल ना!
मूठ उघडेना,
हलवा सुटेना,
बहीण वाट बघते घरी!"

कोपर म्हणालं, "मी नाही हलत. खांदा उठू दे, मग हलेन."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु! दंडावरून गेली खांद्याकडे. खांदा होता गोल गोल.

"खांदेकाका, खांदेकाका, उठा ना!
कोपर हलेना,
मूठ उघडेना,
हलवा सुटेना,
बहीण वाट बघते घरी!"

खांदा म्हणाला, "मी नाही उठत. मान वळू दे, मग उठेन."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु! खांद्यावरून गेली मानेकडे. तिथे होता हलव्याचा हार! बाप रे, केवढे दाणे! तिळूने पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं. पण हार काही तिने वेचलेला नव्हता. हार कावेरीचा होता. तिळू बाजूने गेली.

"मानमावशी, मानमावशी, वळ ना!
खांदा उठेना,
कोपर हलेना,
मूठ उघडेना,
हलवा सुटेना,
बहीण वाट बघते घरी!"

मान म्हणाली, "मी नाही वळत. डोळे उघडू देत, मग वळेन."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु! हनुवटीवरून गेली गालावर, गालावरून डोळ्यांकडे. डोळे होते मिटलेले. पापण्या काळ्या काळ्या.

"डोळ्यांनो, डोळ्यांनो, उघडा ना!
मान वळेना,
खांदा उठेना,
कोपर हलेना,
मूठ उघडेना,
हलवा सुटेना,
बहीण वाट बघते घरी!"

डोळे म्हणाले, "आम्ही नाही उघडत. कानाला ऐकू येऊ दे, मग उघडू."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु! गालावरून गेली कानाकडे. कानात शिरली नाही हं! बाहेरच उभी राहिली.

"कानमामा, कानमामा, ऐका ना!
डोळे उघडेनात,
मान वळेना,
खांदा उठेना,
कोपर हलेना,
मूठ उघडेना,
हलवा सुटेना,
बहीण वाट बघते घरी!"

कान म्हणाला, "काय? काय म्हणालीस? तुझा आवाज केवढासा! नाक शिंकू दे, मग मला ऐकू येईल."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु! आता मात्र तिचे पाय दुखायला लागले. सहाच्या सहा! तरी ती गालावरून गेली नाकाकडे. नाक घोरत होतं. घुर्र, घुर्र!

"नाकोबा, नाकोबा, शिंका ना!
कानाला ऐकू येईना,
डोळे उघडेनात,
मान वळेना,
खांदा उठेना,
कोपर हलेना,
मूठ उघडेना,
हलवा सुटेना,
बहीण वाट बघते घरी!"

नाक म्हणालं, "मी नाही शिंकत. कोणी गुदगुल्या करू देत, मग शिंकेन. घुर्र!"

कोणी? आता कोणाला आणायचं? तिळूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं. पलीकडे आत्या समईत तेल घालत होती. म्हणजे दिवा लागणार! म्हणजे दार बंद होणार! तिळूला अगदी रडू आलं.

सतरंजीवरून चालला होता एक डोंगळा. मोठा, काळा. तो ओरडला, "अगं, रडतेस काय? चाव की कडकडून! लगेच उठेल."

"छे!" तिळू म्हणाली. "आज तिचं बोरन्हाण. तिला कशाला रडवायचं?"

मग तिने डोळे पुसले. कशाने पुसले? मिशांनी. मुंगीला दोन मिशा असतात, मऊ मऊ. आणि तिळू एकदम थांबली. अरेच्चा! मिशा तर आपल्यालाच आहेत!

तिळू गेली नाकाच्या शेंड्यावर. वाकली. हळूच मिशा फिरवल्या. गुदी गुदी गुदी!

नाक थरथरलं. नाक फुगलं. आ... आ... आक्छी!

तिळू उडाली भुर्रकन आणि पडली कावेरीच्या पोटावर. मऊ होतं म्हणून बरं!

नाक शिंकलं.
कानाला ऐकू आलं.
डोळे उघडले.
मान वळली.
खांदा उठला.
कोपर हललं.
मूठ उघडली!

सुटला का हलवा? सुटला की! पण कुठे निघाला? तोंडाकडे! कावेरीने ओठ उघडले. चार दात दिसले. जीभ बाहेर आली.

तिळू मागच्या पायांवर उभी राहिली. मिशा हलवत जोरात म्हणाली,
"कावेरीताई, कावेरीताई, थांब ना!
हलवा मी वेचला,
बहीण वाट बघते घरी!"

कावेरीने खाली पाहिलं. हात थांबला.

तेवढ्यात आई आली. "उठलीस का गं माझी बाय? आणि पोटावर हे कोण आलंय?"

"मुंई!" कावेरी म्हणाली.

"हो गं, मुंगी. तीही आली होती वेचायला. तिचा दाणा तू घेतलास वाटतं?"

कावेरीने हलवा पाहिला. मुंगी पाहिली. पुन्हा हलवा पाहिला. दीड वर्षांच्या माणसाला हे किती अवघड असतं, ते दीड वर्षांचं माणूसच जाणे! मग तिने अंगठा आणि बोट खाली आणलं. दाणा अलगद पोटावर ठेवला.

"घे," म्हणाली.

तिळूने हलवा तोंडात धरला. पोटावरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून अंगठ्यावर. अंगठ्यावरून जमिनीवर. तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु! आत्याने काडी ओढली, फुर्र! समई लागली. दार मिटायला लागलं. आणि तिळू आत!

"तिळूताई, आणलास?"

"आणला गं राणी!"

मग दोघींनी हलवा चाटला. चट चट, चट चट! पाय दुखायचा थांबला की नाही कोणास ठाऊक, पण बहीण हसली मात्र खूप.

हलवा गेला पोटात.
तिळू गेली झोपेत.
गोष्ट गेली कानात.
कोणाच्या कानात? दाखव बघू तुझा कान!
आणि मूठ? उघड बघू. काय दडवलंय आत?